मे महिन्यात पाहिलेलं घर

कराराच्या मसुद्यातलं सातवं कलम असं होतं : "सदर मिळकत लायसन्सी यांनी समक्ष पाहिली असून ती सुस्थितीत व राहण्यास योग्य असल्याची खात्री करून घेतली आहे." लायसन्सी म्हणजे भाडेकरू. पुण्यात भाड्याचं घर घेताना हे वाक्य या ना त्या शब्दांत बहुतेक मसुद्यांत असतं. लोक भाडं, डिपॉझिट आणि तारखा तपासतात आणि या ओळीवरून नजर पुढे सरकते. पण पुढे भांडण झालं तर हीच ओळ भाडेकरूसमोर धरली जाते : तुम्हीच पाहिलंत, तुम्हीच खात्री करून घेतलीत.

माझ्या भाचीच्या करारात ही ओळ होती आणि तिच्या वतीने ती खात्री करायला मी गेलो होतो. मी 19 वर्षं इमारत-दुरुस्तीच्या कामात आहे, त्यातही मुख्यतः गळतीच्या. दर वर्षी जुलैमध्ये मला भाडेकरूंचे फोन येतात. घर एप्रिल-मेमध्ये घेतलेलं असतं, तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत होतं, आणि आता कपाटातल्या कपड्यांना बुरशी आली आहे. तेव्हा माझ्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हे एक प्रकरण, जिथे पावसाच्या आधी हात घालता आला, ते मी सविस्तर लिहून ठेवतो आहे.

भाची बार्शीची. नळस्टॉपजवळच्या एका ऑफिसात नोकरी लागली आणि तिने आईलाही सोबत आणायचं ठरवलं. आई म्हणजे माझी मोठी बहीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, दम्याची जुनी पेशंट. बजेट 25 हजारांपर्यंत. कर्वेनगरमध्ये एक टू बीएचके मिळत होता : पाचवा म्हणजे सगळ्यात वरचा मजला, लिफ्ट आहे, इमारत पंचवीसेक वर्षांची, भाडं 24 हजार, डिपॉझिट 75 हजार. भाचीने शनिवारी घर पाहिलं आणि संध्याकाळी मला फोन केला. "मामा, एजंट म्हणतोय उद्या टोकन दिलं नाही तर घर जाईल. तुम्ही एकदा बघाल का?"

हा दबाव खोटा नसतो. मे महिन्यात शाळा-कॉलेजं, बदल्या, नव्या नोकऱ्या सगळ्यांची एकदम गर्दी होते आणि बरी घरं दोन दिवसांत खरंच जातात. तरी मी तिला सांगितलं की टोकन एक दिवस थांबव. घर गेलं तर गेलं, दुसरं शोधू. दम्याच्या माणसाला ओलीच्या घरात नेऊन ठेवलं तर पाऊस संपेपर्यंत त्यातून सुटका नाही.

2024 च्या लोकसभेचं पुण्यातलं मतदान आटोपल्यानंतरच्या रविवारी, 19 मेला, सकाळी अकराच्या सुमारास आम्ही गेलो. भाचीने तिच्या परीने घर नीट पाहिलं होतं. नळ सोडून पाहिले होते, फ्लश ओढला होता, पंखे लावले होते, खिडक्यांच्या कड्या, दाराचं लॅच, ओट्याखालच्या कडप्प्याचे खण, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनचा पॉइंट आणि मशीन बसेल का याचं माप, सगळं. ही तपासणी चांगलीच होती. मात्र ती त्या दिवशीच्या घराची होती. ताईला त्या घरात जुलै काढायचा होता.

पुण्यात पावसाळी वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे कुठल्याही घरात शिरलो की पश्चिमेची भिंत कुठली हे मी आधी पाहतो. या घरात ती मोठ्या बेडरूमची होती. आणि सगळ्या घरात फक्त त्याच भिंतीला वॉलपेपर होता. फिक्या राखाडी रंगाचा, पानांच्या नक्षीचा, अगदी नवा. बाकीच्या भिंतींचा रंग दोन-तीन वर्षांचा, खिळ्यांची भोकं तशीच, आणि ही एकच भिंत नटलेली. भाचीला ती आवडली होती. तिने तिचा फोटोही काढून ताईला पाठवला होता.

मी बोटाच्या पेराने भिंत ठोकत गेलो. मध्यभागी खणखणीत आवाज येत होता. वर बीमच्या खाली वीतभर पट्टा आणि खिडकीच्या डाव्या अंगाला मात्र आवाज बद्द. गिलावा विटेपासून सुटला की असा पोकळ आवाज येतो. एवढ्यावरून ओल म्हणता येत नाही, गिलावा इतर कारणांनीही सुटतो. मग खाली बसलो. फरशीला लागून भिंतीच्या पायथ्याशी जी स्कर्टिंगची पट्टी असते, तिच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली, पिठासारखी, पण चोळली की किंचित खरखरीत. तीच भुकटी समोरच्या भिंतीच्या स्कर्टिंगवर शोधली. तिथे नुसती धूळ. भाचीला दोन्ही बोटं शेजारी शेजारी दाखवली.

याला लोणा म्हणतात. पाणी विटांतून आणि सिमेंटमधून झिरपताना त्यातले क्षार विरघळवून घेऊन येतं. पाणी वाळतं, क्षार मागे राहतात. रंग नवा देता येतो, वर कागद चिकटवता येतो, पण क्षार वाट काढून पुन्हा कडेला फुटतात. माझ्याकडे दोन टाचण्यांचं ओल मोजायचं मीटर असतं. तेही लावलं, पण मे महिन्यात ते गप्प होतं. या भिंतीचा आकडा आणि आतल्या भिंतीचा आकडा जवळपास सारखाच आला. मुळात ही मीटरं लाकडासाठी बेतलेली असतात आणि भिंतीवर दोन जागांची तुलना करण्यापुरतीच त्यांची खात्री धरावी. मीटरने "कोरडं आहे" सांगितलं म्हणून समाधान मानलं असतं तर मी 19 वर्षांत काही शिकलो नाही असं झालं असतं. भिंत त्या दिवशी कोरडी होती हे खरंच होतं.

मग छत. याच खोलीत बीम आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा एक ताट-भर मोठा ठिपका होता, बाकी छतापेक्षा थोडा जास्तच पांढरा. टॉर्च छताला जवळजवळ समांतर धरून पाहिलं तेव्हा त्याची कड दिसली. रंगाखाली पुट्टी भरून घासलेली होती. वरचा मजला म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. तेव्हा इथे एकाऐवजी दोन वेगवेगळे प्रश्न असू शकत होते.

ओल कुठून येते हे बहुतेक वेळा तिच्या जागेवरूनच कळतं. छताला गोल, तपकिरी कडेचे डाग असतील तर पाणी वरून येतं, गच्चीतून किंवा वरच्या घराच्या न्हाणीतून. बाहेरच्या भिंतीला बीमखाली आडवा पट्टा किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी उतरणारी ओल म्हणजे पावसाचा मारा भेगेतून आत येतोय. बाथरूमच्या पाठीमागच्या भिंतीला जमिनीपासून हात-दीड हात उंचीपर्यंत ओल असेल आणि ती उन्हाळ्यातही तशीच असेल, तर फरशीचे सांधे किंवा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी वाहून जायचं तोंड, गळतोय. हा तिसरा प्रकार मे महिन्यातही पकडता येतो, पहिले दोन लपतात. कर्वेनगरच्या घरात बाथरूमची पाठ स्वच्छ कोरडी होती. उरले ते लपणारे दोन.

एजंटला विचारलं, "आधीचे लोक कधी गेले?"

"मार्चमध्ये, सर. फॅमिली होती, बदली झाली."

मी म्हटलं, लाइट बिलाचा फोटो पाठवा, थकबाकी नाही ना तेवढं पाहतो. त्याने तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर एप्रिलचं बिल पाठवलं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वीज वापर छापलेला असतो. थकबाकी नव्हती. पण जुलै 2023 पर्यंत महिन्याला 130-140 युनिट, ऑगस्टमध्ये 41, आणि त्यानंतर सरळ एक-दोन युनिट किंवा शून्य. घर मार्चपासून नव्हे, ऑगस्टपासून रिकामं होतं. भर पावसाळ्यात, शाळा सुरू असताना सहसा कुणी घर सोडत नाही. एजंटला मी तिथे काही बोललो नाही. त्यालाही कुणी तरी मार्च असंच सांगितलं असेल. पण भाचीला बाहेर आल्यावर तो आकड्यांचा रकाना दाखवला तेव्हा तिचा चेहरा उतरला. तिला ते घर मनापासून आवडलं होतं, आणि मलाही. खिडकीतून टेकडी दिसत होती, वारा होता, रिक्षा-बस दारात.

म्हणून मी "नको" म्हणालो नाही. पुण्यातल्या पंचवीस वर्षं जुन्या इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर कधीच गळलं नाही असं घर विरळाच. कुठून गळतं, थांबवता येईल का, आणि कुणी थांबवायचं, हे कळलं तर घर घेता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा गेलो, पाण्याच्या वेळेला. महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत येतं, पंपाने वर चढतं. वरच्या मजल्याला टाकीची उंची कमी पडते म्हणून शॉवरला जोर नाही, पण बादली भरायला अडचण नव्हती. तेवढं चालण्यासारखं. बोअरचं पाणी वेगळ्या लाइनने फ्लशला. वॉचमनने सांगितलं की एप्रिल-मेमध्ये आठवड्याला एक-दोन टँकर येतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्येच धरतात.

विजेचं मात्र थांबून पाहावं लागलं. तीन दिव्यांचा एक छोटा प्लग मिळतो, सॉकेटमध्ये घातला की फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग जागच्या जागी आहे का ते दिवे सांगतात. स्वयंपाकघर ठीक. बाथरूममधल्या गीझरच्या सॉकेटला अर्थिंग नव्हतं. तीन छिद्रांचं दिमाखदार सॉकेट, मागे अर्थची वायरच जोडलेली नाही. ओलीपेक्षा ही गोष्ट जास्त गंभीर होती, कारण गीझरच्या कॉइलमध्ये बिघाड झाला तर अंघोळीचं पाणीच करंट देऊ शकतं. हा प्लग फार महाग नसतो. घर पाहायला जाताना प्रत्येकाने खिशात टाकावा असं मला मनापासून वाटतं.

त्याच सकाळी वॉचमनला विनंती करून गच्ची उघडून घेतली. बेडरूमचा तो कोपरा खालून पावलांनी मोजून ठेवला होता. वर तेवढीच पावलं टाकली. तिथे एका जुन्या डिश अँटेनाचा लोखंडी स्टँड उभा होता, गंजलेला, डिश केव्हाच गेलेली. स्टँड चार अँकर बोल्टनी गच्चीच्या कोब्यात ठोकलेला. दोन बोल्ट हलत होते. भोवती कुणी तरी राखाडी केमिकलचा हात मारला होता, त्यालाही बारीक जाळीदार तडे. शिवाय पावसाळी पाइपच्या तोंडाशी वाळलेली पानं आणि एक प्लॅस्टिकची पिशवी, म्हणजे पाऊस पडला की पाणी तुंबणार आणि तुंबलेलं पाणी त्या चार भोकांवर उभं राहणार. गच्चीचा कोबा म्हणजे विटांचे तुकडे, चुना किंवा सिमेंट आणि उतार यांचा थर. पाण्यापासून घराचं खरं संरक्षण तोच करतो. त्यात ड्रिलने भोक पाडणारा माणूस दहा मिनिटांत काम करून जातो आणि खालचं घर पुढची दहा वर्षं त्याची किंमत मोजतं.

पश्चिमेच्या भिंतीची बाहेरची बाजू कठड्यावरून वाकून पाहिली. बीम आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथे एक आडवी, केसासारखी भेग, खोलीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची. काँक्रीट आणि विटा उन्हाने वेगवेगळ्या मापाने फुगतात, आकसतात, सांध्यात जाळी घातलेली नसेल तर तिथे भेग जातेच. आत बद्द आवाज आला होता तो याच पट्ट्यात.

मालक नाशिकला राहतात. फोनवर सगळं बोलण्यापेक्षा मी त्यांना म्हटलं, "काका, एकदा येऊन जा, आपण समोरासमोर बघू." ते 22 मेला आले. साठी ओलांडलेले, सज्जन माणूस. सुरुवातीला त्यांना राग आला, आणि तो मी समजू शकतो. भाडेकरूचा मामा गच्चीवर चढून आपल्या घराच्या खोडी काढतोय, असंच कुणालाही वाटेल. ताईलाही फोनवर तसंच वाटत होतं. "अरे, मालक काय म्हणतील? एवढं खोदून विचारतात का कुणी?" मी तिला एवढंच सांगितलं की ताई, आज विचारलं तर प्रश्न आहे, जुलैमध्ये विचारलं तर भांडण आहे.

मालकांना मी लोणा दाखवला, बोल्ट दाखवले आणि त्यांचंच लाइट बिल दाखवलं. नऊ महिने घर रिकामं, महिना 24 हजारांनी 2 लाख 16 हजार रुपये. त्यांनी मान्य केलं. आधीचं जोडपं गेल्या पावसाळ्यात छत ठिबकायला लागल्यावर करार अर्धवट सोडून गेलं होतं. सोसायटीला सांगितलं होतं, पण तोंडी. मग रंगवाल्याने सुचवलं म्हणून वॉलपेपर लावला. त्यात लबाडीपेक्षा कंटाळा जास्त होता असं माझं मत आहे. परगावी राहून घर सांभाळणाऱ्यांचं असं होतं.

कायद्याच्या दोन गोष्टी इथे त्यांच्याशी बोललो, धमकी म्हणून नव्हे. आपल्याकडचा अकरा महिन्यांचा करार लिव्ह अँड लायसन्स असतो, आणि लायसन्सची व्याख्या 1882 च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात आहे. त्याच कायद्याचं 57 वं कलम म्हणतं की जागेत वापरणाऱ्याच्या जिवाला किंवा वस्तूंना धोका होईल असा दोष मालकाला माहीत असेल आणि वापरणाऱ्याला माहीत नसेल, तर मालकाने तो सांगितलाच पाहिजे. पण यातला "माहीत असेल" हा शब्द महत्त्वाचा. गीझरच्या अर्थिंगबद्दल काकांना खरोखरच काही माहीत नव्हतं. जे मालकालाही ठाऊक नाही ते शोधणं आपल्यावरच येतं. दुसरी गोष्ट गच्चीची. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीने तिच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. खर्च काकांचा नव्हता. अर्ज त्यांचा हवा होता. तो त्याच संध्याकाळी आम्ही सेक्रेटरींच्या घरी बसून लिहिला, फोटो जोडले आणि पोच घेतली.

सेक्रेटरींचा पहिला प्रश्न रास्त होता : पाणी त्याच बोल्टमधून जातं कशावरून? म्हणून पाणी भरून बघायचं ठरलं. स्टँडभोवती विटांचा एक थर आणि मातीच्या गाऱ्याने दहा बाय बारा फुटांचं आळं केलं आणि बोअरचं पाणी दोन इंच भरलं. साधारण 570 लिटर, म्हणजे तीनेक ड्रम. रविवारी दुपारी दोनला भरलं. सोमवारी सकाळी दहाला मालकांनी दिलेल्या किल्लीने भाचीने घर उघडलं आणि मला व्हिडिओ कॉल केला. छताच्या त्या जास्तच पांढऱ्या ठिपक्याच्या मधोमध तळहाताएवढा काळसर डाग उमटला होता आणि त्याच्या कडेला एक थेंब लोंबत होता, पडत नव्हता. "मामा, हे बघा," ती एवढंच म्हणाली. दहा मिनिटांनी सेक्रेटरीही त्या थेंबाखाली उभे होते. पुढची चर्चा फार लांबली नाही.

दुरुस्तीचं काम मी घेतलं नाही. भाचीच्या करारात मी एका बाजूचा माणूस होतो, त्याच घराच्या दुरुस्तीचे पैसे घेणं बरोबर झालं नसतं. सोसायटीने दुसऱ्या ठेकेदाराला बोलावलं. स्टँड काढला, भोकांभोवतीचा सैल कोबा फोडला, भोकं न आकसणाऱ्या ग्राउटने भरली, वर जाळीसकट कोटिंगचे दोन हात, कठड्याच्या पायाशी तुटलेला वाटा (कठडा आणि गच्ची मिळतात तिथला गोलसर उतार) नव्याने केला, पाइपाच्या तोंडाला जाळी बसवली. वाळल्यावर पुन्हा आळं करून 48 तास पाणी ठेवलं. छत कोरडं राहिलं. हे सगळं 5 जूनला संपलं, तेव्हा ढग यायला लागलेच होते.

पश्चिमेच्या भेगेचं काम मात्र झालं नाही. पाचव्या मजल्यावर बाहेरून लटकून काम करणारे मिळतात, पण मेअखेरीस ते सगळ्या शहराला हवे असतात. काका म्हणाले, पावसानंतर करू. इथे भाची अडली. "म्हणजे ओल येणार हे माहीत असून घ्यायचं?" मी तिला म्हटलं, माहीत असलेली ओल कागदावर आणायची. आणि ताईची खोली बदलायची. मोठी बेडरूम भाचीने घ्यायची, ताईने पूर्वेची छोटी. बेड आणि कपाट त्या भिंतीपासून वीतभर लांब ठेवायचं, म्हणजे मागे हवा खेळेल. वॉलपेपर काढून टाकायची अट मी घातली. भिंत उघडी असली की तिच्याकडे लक्ष राहतं आणि ती वाळतेही लवकर. काकांनी तो स्वतः उभं राहून काढून घेतला. मागे गेल्या वर्षीच्या ओलीचा पिवळट नकाशा होता, बीमखालून खिडकीपर्यंत उतरलेला.

आता करार. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं 55 वं कलम तसं सांगतं आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. साध्या स्टँप पेपरवर नोटरी करून भागतं हा समज अजूनही फार पसरलेला आहे. खर्चही तितका नसतो. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के : अकरा महिन्यांचं भाडं 2,64,000 आणि 75 हजार डिपॉझिटवर सालाना 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 6,875, मिळून 2,70,875 वर 677 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. बाकी एजंटचे. आधी इंडेक्स टू, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे ते दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा, पाहून घेतला. घर काका-काकू दोघांच्या नावावर होतं, म्हणून दोघांचेही अंगठे घेतले.

मसुद्यातल्या सातव्या कलमात सहा शब्द वाढवले : "कलम 19 मध्ये नमूद बाबी वगळता". आणि नवं एकोणिसावं कलम असं लिहिलं :

"मोठ्या बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीस बीमखालील सांध्यातून पावसाळ्यात ओल येते, हे उभय पक्षांस माहीत आहे. भिंतीची करारपूर्व स्थिती दर्शविणारे व दि. 6 जून 2024 रोजी ईमेलने पाठविलेले फोटो उभय पक्षांस मान्य आहेत. ओल वाढल्यास अथवा छतातून गळती झाल्यास लायसन्सी यांनी ईमेलने कळविल्यापासून 15 दिवसांत लायसन्सर दुरुस्ती सुरू करतील. तसे न झाल्यास लॉक-इन कालावधी लायसन्सी यांना बंधनकारक राहणार नाही व अनामत रक्कम पूर्ण परत करण्यात येईल. सदर भिंतीच्या रंगकामाचा खर्च अनामतीतून वजा केला जाणार नाही."

लायसन्सर म्हणजे मालक, आणि लॉक-इन म्हणजे ज्या मुदतीत घर सोडता येत नाही ती. कलमातलं शेवटचं वाक्य भाचीने सुचवलं. घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापायची पुण्यात पद्धत आहे आणि ती मसुद्यातही होती. गळक्या भिंतीचा रंग आपण का भरायचा, हा तिचा प्रश्न बिनतोड होता. मालकांनी ते वाचलं, काकूंना वाचून दाखवलं आणि हो म्हणाले. भाडं 1 जूनऐवजी 10 जूनपासून सुरू झालं. गीझरच्या सॉकेटला अर्थिंग जोडून झालं की नाही ते त्याच तीन दिव्यांच्या प्लगने तपासून मगच किल्ल्या घेतल्या. विजेच्या आणि गॅसच्या मीटरचे आकडे, पंखे-गीझर-ट्यूबची यादी, सगळ्यांचे तारखेसह फोटो. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती मालकांनी ऑनलाइन दिली.

पाऊस त्या वर्षी वेळेवर आला आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच त्याने शहराला झोडपलं. छताला काही झालं नाही. खरी परीक्षा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात झाली. 24 तारखेच्या रात्रभर पाऊस कोसळला, खडकवासल्यातून पाणी सोडलं, आणि 25 जुलैच्या पहाटे नदीपलीकडे सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. त्या दिवशी सकाळी सातला भाचीचा फोटो आला. छत कोरडं. पश्चिमेच्या भिंतीवर, बीमच्या खाली, जेवणाच्या ताटाएवढी ओल. मी तिला पेन्सिल घ्यायला सांगितली. ओलीच्या कडेकडेने रेघ ओढायची आणि बाजूला तारीख घालायची, मग दर दोन दिवसांनी बघायचं. नुसत्या डोळ्यांनी पाहिलेली ओल रोज वाढल्यासारखी वाटते, पेन्सिलची रेघ खरं काय ते सांगते.

तिने रेघ ओढली, फोटो काढला, एकोणिसाव्या कलमाचा उल्लेख करून काकांना ईमेल केला. बाराव्या दिवशी, पावसाने दोन दिवस उघडीप दिली तेव्हा, दोरावर लटकणारे दोघं आले. त्यांनी भेग कापून रुंद केली, कोरडी होऊ दिली आणि तिच्यात सीलंट भरलं. पक्का गिलावा आणि जाळीचं काम दिवाळीनंतर करायचं ठरलं, तेही काकांनी ईमेलवर लिहून दिलं.

ऑगस्टअखेरीस मी जेवायला गेलो होतो. ताई पूर्वेच्या खोलीत दुपारची झोपली होती. भाचीने मला भिंतीपाशी नेलं. 25 जुलैची रेघ होती, तिच्या आत 4 ऑगस्टची दुसरी आणि तिच्याही आत 20 ऑगस्टची. ओल शेवटच्या रेघेच्या चार बोटं आत सरकली होती.